पहिल्याच खेपेचा पराभव

हंगामाच्या अखेरीस झालेला पराभव कितीही जिव्हारी लागला, तरी त्याच्या पाठीशी वर्षभराच्या खेळाचा जमाखर्च उभा असतो आणि त्या जमाखर्चाच्या आधाराने समर्थकाला आपल्या मनाची समजूत घालता येते. परंतु हंगामाला नुकताच आरंभ झालेला आहे, नव्या खेळाडूंची नावे अजून जिभेवर रुळलेली नाहीत आणि ‘यंदा काहीतरी होणार’ ही दर वर्षी नव्याने उगवणारी आशा अगदी कोवळी आहे, अशा वेळी जो दारुण पराभव पदरी पडतो, त्याच्यापाशी सांत्वनाला मागचे काही नसते आणि पुढचे सगळेच अंधारात असते. म्हणूनच असा पराभव पाहिलेला समर्थक त्या एका सामन्यावरून साऱ्या वर्षाचा निकाल लावून मोकळा होतो. हा निकाल घाईचा असतो, हे ठाऊक असूनही तो लावल्यावाचून त्याला राहवत नाही. या वृत्तीचा विचार करणे अगत्याचे आहे.

सातारा आणि सांगली हे काही फुटबॉलचे जिल्हे नव्हेत. येथील माणसाची खेळाची हौस पिढ्यान्‌पिढ्या तालमीच्या लाल मातीत भागली आणि पुढे कबड्डी व क्रिकेट यांनी तिची वाटणी करून घेतली. तरीही फुटबॉलचे वेड या मुलुखात दोन वाटांनी आले. एक वाट शेजारच्या कोल्हापुरातून येते, तेथे शाहू स्टेडियमवर स्थानिक संघांचे सामने पाहायला हजारोंनी लोक लोटतात. आणि दुसरी दूरचित्रवाणीवरून थेट इंग्लंडातून येते. सांगलीच्या किंवा कराडच्या एखाद्या वसतिगृहात शनिवार-रविवारी रात्री डोकावून पाहावे. मेसचे जेवण उरकून मुले दूरचित्रवाणीसमोर सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली असतात, ज्याच्या अंगात ज्या संघाचा सदरा असेल त्याने त्या संघाची बाजू घ्यायची असा अलिखित करार असतो, आणि ज्या शहरात आपण कधी पाऊल ठेवले नाही त्या शहराच्या संघाचा उल्लेख मात्र प्रत्येक जण ‘आपला’ असाच करीत असतो.

अशा मंडळींना २८ ऑगस्ट २०११ हा दिवस सहसा विसरता येत नाही. त्या रविवारी, गणेश चतुर्थी चार दिवसांवर आलेली असताना, भारतीय वेळेप्रमाणे रात्री साडेआठच्या सुमारास ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल यांचा सामना सुरू झाला आणि संपला तेव्हा फलकावर ८-२ असा आकडा होता. वेन रूनीने तीन गोल केले. आर्सेनलला मिळालेली पेनल्टी व्हॅन पर्सीला साधता आली नाही. जेंकिन्सन या कोवळ्या बचावपटूला मैदानाबाहेर काढण्यात आले. १८९६ नंतर आर्सेनलने एका सामन्यात आठ गोल कधी खाल्ले नव्हते. तीन सामन्यांत अवघा एक गुण, फाब्रेगास आणि नासरी हे दोन मोहरे त्याच महिन्यात विकले गेलेले, आणि उरलेल्यांपैकी कित्येक दुखापतीमुळे वा निलंबनामुळे घरी बसलेले, अशी त्या संघाची स्थिती होती.

अशा रात्री समर्थकांच्या वागण्याला एक ठरावीक क्रम असतो. तिसऱ्या गोलापर्यंत पंचाला शिव्या पडतात, पाचव्यापर्यंत बचावफळीला, आणि सहाव्यानंतर शिव्याही थांबून सर्वत्र एक प्रकारचे विचित्र हसू पसरते. कारण दुःखाला एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की माणूस विनोदाचा आश्रय घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर प्रतिपक्षाचे समर्थक ‘आठाचा पाढा’ म्हणायला सांगतात, तेव्हा मात्र तो विनोद पुन्हा झोंबू लागतो आणि मग सुरू होते ती फिर्याद: व्यवस्थापकाला हाकला, मालकाने पैसा दाबून ठेवला, यंदा हा संघ खालच्या श्रेणीत जाणार. प्रत्यक्षात घडले ते निराळेच. आर्सेनलने सामन्याला प्रवास करून आलेल्या आपल्या समर्थकांना पुढल्या एका परगावच्या सामन्याचे तिकीट स्वतःच्या खर्चाने देण्याचे जाहीर केले, खरेदीची मुदत संपण्यापूर्वी तीनच दिवसांत अर्टेटा, मर्टेसाकर आदी खेळाडू पदरी घेतले, आणि ३८ सामन्यांच्या अखेरीस तोच संघ ७० गुण मिळवून तिसऱ्या स्थानावर आला. पेनल्टी हुकलेल्या व्हॅन पर्सीने त्या हंगामात लीगमध्ये ३० गोल केले.

याहून बोलके उदाहरण नॉरिच सिटीचे आहे. ८ ऑगस्ट २००९ रोजी, तिसऱ्या श्रेणीतील हंगामाच्या अगदी पहिल्या सामन्यात, हा संघ स्वतःच्या मैदानावर कोलचेस्टरकडून १-७ असा पराभूत झाला. दोघा समर्थकांनी मैदानात धाव घेऊन आपली वर्षभराची तिकिटे व्यवस्थापक ब्रायन गन यांच्या अंगावर भिरकावली. हे गन कोणी उपरे नव्हते. त्याच क्लबचा गोलरक्षक म्हणून वर्षानुवर्षे त्यांनी याच प्रेक्षकांचे प्रेम मिळवले होते. आठवड्याच्या आत त्यांना बडतर्फ करण्यात आले आणि गंमत अशी की, त्यांच्या जागी ज्या पॉल लॅम्बर्ट यांची नेमणूक झाली, ते सात गोल चढवणाऱ्या कोलचेस्टरचेच व्यवस्थापक होते. जानेवारीत नॉरिचने कोलचेस्टरच्या मैदानावर जाऊन ५-० अशी परतफेड केली आणि हंगाम संपला तेव्हा त्या श्रेणीचे विजेतेपद नॉरिचकडे होते. म्हणजे समर्थकांचा संताप अगदीच निष्फळ होता असे म्हणता येत नाही. त्याने बदल घडवला. मात्र ‘हा संघ संपला’ हा जो निकाल त्या संतापाने दिला, तो नऊ महिन्यांत सपशेल रद्द ठरला.

असे वारंवार का घडते, याची कारणमीमांसा अवघड नाही. पहिली गोष्ट अशी की, लीग पद्धतीत विजयाला तीन गुण, बरोबरीला एक आणि पराभवाला शून्य. मग तो पराभव एका गोलाने होवो वा सातांनी. सात गोलांच्या पराभवाने गोलफरकाचा आकडा बिघडतो, पण गुणांची हानी एका गोलाच्या पराभवाइतकीच होते. समर्थकाच्या मनातील हानी मात्र गोलांच्या पटीत वाढते. दुसरी गोष्ट, ऑगस्टमधला संघ हा पुरा बांधलेला संघ नसतो. विश्रांतीहून परतलेल्या खेळाडूंच्या पायांत सामन्याची लय आलेली नसते आणि खरेदी-विक्रीचा बाजार महिनाअखेरपर्यंत खुला असतो. तिसरी गोष्ट म्हणजे, फुटबॉलमध्ये मोठा आकडा पुष्कळदा एखाद्या अपघातातून वाढत जातो: एक खेळाडू बाहेर गेला, एक पेनल्टी हुकली, बरोबरी साधण्याच्या नादात सारा संघ पुढे सरकला, की मागची दारे उघडी पडतात. पराभव खराच असतो. पण त्याचा आकार पाहून संघाची खरी ताकद मोजू गेले, तर मोजमाप चुकते.

इतका विचार समर्थक करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने हरला तो संघ नसून तो स्वतः असतो. कोल्हापुरात ही गोष्ट स्पष्ट दिसते. तेथील संघांची नावेच पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ अशी आहेत. कुस्तीच्या आखाड्यांभोवती जमलेल्या पेठांनीच फुटबॉल आपलासा केला. त्यामुळे मैदानावरचा पराभव हा पेठेचा पराभव ठरतो, आणि हंगामाच्या आरंभीच तो झाला तर पेठेतल्या माणसाला पुढले कित्येक महिने दुसऱ्या पेठेतून खाली मान घालून जावे लागते. या अभिमानातून उत्तम खेळाडू निपजले, तसेच शिवीगाळ, दगडफेक आणि पोलिसांचा बंदोबस्त हेही तेथील सामन्यांच्या वाट्याला आले. कलकत्त्याने तर याहून जबर किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा पाडाव केला, तेव्हा मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने आत्महत्या केली. आणि १६ ऑगस्ट १९८० रोजी याच दोन संघांच्या सामन्यात ईडन गार्डन्सवर उसळलेल्या दंगलीत सोळा प्रेक्षक मृत्युमुखी पडले.

पराभव पचवण्याची दुसरी एक रीत सातारा-सांगलीच्या मातीत फार पूर्वीपासून रुजलेली आहे. पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने हे दोन हिंदकेसरी ज्या भूमीने दिले, त्या भूमीतील कुस्तीचे मैदान पाहावे. हलगी कडकडत असते, भोवती माणसांचे कडे पडलेले असते, दोन मल्ल एकमेकांच्या हातावर माती देऊन भिडतात आणि कधी निमिषार्धात एकाची पाठ जमिनीला लागते. चीतपट होण्याइतका संपूर्ण पराभव दुसऱ्या कोणत्याही खेळात नाही. तेथे गोलफरकाचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही अंगाची माती झटकीत उठलेल्या मल्लाच्या पाठीवर जिंकणारा हात ठेवतो, मोठ्या जोडीत हरणाऱ्याच्याही पदरात काही वाटा पडतो, आणि त्याच्या गावचे लोक लगेच एकच दरखास्त पुढे करतात: पुन्हा जोड लावा. मैदाने पुष्कळ, जत्रा पुष्कळ. आज गेले ते पुढल्या जत्रेत मिळवता येते, हा हिशेब त्या समाजाच्या अंगवळणी पडलेला आहे. कुस्तीचा प्रेक्षक साधुसंत आहे असा याचा अर्थ नव्हे. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालाने चिडलेल्या मल्लाने पंचाला लाथ मारली, हेही याच परंपरेतले आहे. तरी एकंदर रीत पुन्हा जोड मागण्याचीच.

या रीतीचा परमोच्च दाखला कराडजवळच्या गोळेश्वर गावाने दिला. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते मातीवरची कुस्ती घेऊन, आणि मॅटवरच्या त्या अपरिचित खेळात त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. गावाने त्यांच्याविषयी निकाल दिला नाही, वर्गणी दिली. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा कमी पडला तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे भर घातली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. १९५२ च्या जुलैमध्ये खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांना गावी नेण्यात आले. त्या मिरवणुकीचा पाया १९४८ च्या पराभवानंतर लोकांनी धरलेल्या धीरात होता.

तेव्हा हंगामाच्या पहिल्याच महिन्यात आपल्या संघाची धूळधाण झालेली पाहणाऱ्या तरुणांना एवढेच सांगावेसे वाटते. दुःख करण्याचा, रुसण्याचा, व्यवस्थापकाची कैफियत मागण्याचा समर्थकाचा हक्क निर्विवाद आहे, आणि तो बजावावाही. मात्र निकालपत्र लिहिण्याचे काम निदान डिसेंबरपर्यंत तहकूब ठेवावे. तोवर पुढल्या सामन्याची वेळ पाहून ठेवावी आणि त्या वेळी आपल्या जागेवर हजर असावे.