पाऊलवाटा जपणारी माणसे

उत्तर फ्रान्समधल्या एखाद्या खेड्याच्या वेशीवर वसंताच्या दिवसांत एखादे निवृत्त गृहस्थ दिसतात. पाठीवर पिशवी. पिशवीत पांढऱ्या आणि तांबड्या रंगाचे डबे, तारेचा घासणी ब्रश आणि फांद्या छाटायची कात्री. वाटेकडेच्या झाडाचे खोड किंवा एखादा खांब घासून घ्यायचा, त्यावर एक आडवा पांढरा पट्टा ओढायचा, त्याच्याखाली तांबडा पट्टा ओढायचा. वाटेवर आलेली फांदी छाटायची आणि पुढे चालू लागायचे. या कामाचा त्यांना पगार नाही. तरी वर्षातले कितीतरी दिवस ते या कामासाठी देतात.

फ्रान्सभर अशी हजारो माणसे आहेत. खुणा केलेल्या पावणेदोन लाख किलोमीटरहून अधिक लांबीच्या पायवाटा या देशात आहेत आणि त्या मुख्यतः या स्वयंसेवकांच्या हातांवर टिकून आहेत. डोंगरदऱ्यांतल्या वाटांचे कौतुक सर्वांना ठाऊक असते. उत्तर फ्रान्समध्ये मात्र ना बर्फाची शिखरे, ना खोल दऱ्या. शेते, कुरणे, झुडपी कुंपणे, विटांची घरे आणि टेकड्यांवरच्या पवनचक्क्या, एवढाच इथला थाट. लहान मुलांना आणि आजी-आजोबांना बरोबर घेऊन चालता यावे, असा हा मुलूख आहे.

खुणांची भाषा

या वाटांची गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू होते. पायी भटकंतीचे वेड असलेल्या ज्यां ल्वाझो या गृहस्थांनी देशभर लांब पल्ल्याच्या पायवाटांचे जाळे विणण्याची कल्पना मांडली. १९४७ साली त्यासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि त्याच वर्षी ल्वार नदीकाठी ओर्लेआं ते बोझांसी या टप्प्यावर पहिल्या खुणा रंगवल्या गेल्या. या वाटांना ‘ग्रांद रांदोने’, म्हणजे ‘मोठी पदयात्रा’, असे नाव मिळाले. थोडक्यात जी.आर. प्रत्येक वाटेला क्रमांक असतो. १९७८ मध्ये या समितीचे रूपांतर फ्रेंच पदभ्रमण महासंघात झाले.

खुणांची भाषा पाच मिनिटांत शिकता येते. पांढरा पट्टा आणि त्याखाली तांबडा असेल, तर ती लांब पल्ल्याची जी.आर. वाट. पिवळा आणि तांबडा पट्टा असेल, तर एखाद्या परगण्याला फेरी घालणारी वाट. नुसता पिवळा पट्टा म्हणजे काही तासांची, निघालेल्या गावी परत आणणारी छोटी वाट. पट्टे सरळ असतील तर पुढे जावे, त्यांच्याजवळ वळणाची खूण असेल तर वळावे आणि फुली दिसली की मागे फिरावे. फ्रेंचचा एक शब्द येत नसला तरी फुलीचा अर्थ कोणालाही कळतो.

सपाट मुलखातल्या टेकड्या

बेल्जियमच्या सीमेलगतचा फ्लँडर्स हा भाग तळहातासारखा सपाट. त्यात मध्येच काही टेकड्या उठतात. त्यांतली कासेलची टेकडी अवघी १७६ मीटर उंच. पण भोवती सगळे सपाट असल्यामुळे माथ्यावरून दूरवरची शेते, चर्चचे मनोरे आणि खेड्यांची लाल छपरे दिसतात. टेकडीवर गाव वसलेले, मोठा फरसबंद चौक आणि सर्वांत वर लाकडी पवनचक्की. १६७८ च्या तहानंतर कासेल फ्रान्सकडे आले, पण गावांची नावे, घरांची ठेवण आणि जेवणाच्या चवी अजून फ्लेमिशच आहेत. २०१८ साली दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत फ्रेंच प्रेक्षकांनी कासेलला आपले सर्वांत आवडते गाव म्हणून निवडले.

कासेलहून पूर्वेकडे निघाले की स्टेनव्होर्ड गावावरून मों दे का या टेकडीपर्यंत दिवसभराची चांगली चाल होते. वाटेत बीअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप्सच्या वेली दिसतात. उंच खांबांमध्ये ताणलेल्या तारांवर त्या चढवलेल्या असतात. मों दे का या टेकडीवर १८२६ साली स्थापन झालेला मठ आहे. तिथल्या साधूंनी १८९० पासून चीज बनवायला सुरुवात केली आणि आज ते टेकडीच्याच नावाने ओळखले जाते.

थकल्यावर टेकायला इथे ‘एस्तामिने’ असतात. खेड्यातली साधी खाणावळ, लाकडी बाके, भिंतीवर जुनी भांडी आणि कोपऱ्यात लाकडी खेळ. आजोबा आणि नातू एकाच खेळात रमलेले इथे सहज दिसतात. इथले प्रसिद्ध पदार्थ बहुतेक मांसाहारी, त्यातही गोमांसाचे. शाकाहारी मंडळींनी आधीच विचारून घ्यावे. पोऱ्याच्या, म्हणजे लीकच्या, पात्या घालून भाजलेला टार्ट, चीज, सूप आणि तळलेले बटाटे यांवर पोट छान भरते.

हिरव्या कुंपणांचा परगणा

आणखी आग्नेयेला आव्हेन्वा हा परगणा लागतो. इथे जमिनीला हलके चढउतार आहेत आणि प्रत्येक कुरणाला जिवंत झाडाझुडपांचे कुंपण. अशा कुंपणांच्या मुलखाला फ्रेंचमध्ये ‘बोकाज’ म्हणतात. मे महिन्यात ही कुंपणे पांढऱ्या फुलांनी भरून जातात. कुरणांत गाई चरत असतात आणि त्यांच्या दुधापासून मारवाल नावाचे चीज तयार होते. त्याचा वास भलताच उग्र, पण चव सौम्य. मध्ययुगात इथल्या मठातल्या साधूंनी ते प्रथम बनवले, असे सांगतात. वाटेवर लाल विटांची आणि निळसर दगडांची घरे, तिठ्यांवर छोटी दगडी देवळे आणि गावच्या चौकात वाद्यवृंदासाठी बांधलेले मंडप दिसतात. शेजारी मोर्मालचे नऊ हजार हेक्टरांहून मोठे अरण्य आहे. १९९८ पासून या परगण्याला प्रादेशिक निसर्ग उद्यानाचा दर्जा आहे.

हे सारे पाहताना वाटते की शेकडो वर्षे इथे काही बदललेच नसेल. वस्तुस्थिती तशी नाही.

वाट हरवते कशी?

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये शेतजमिनींचे एकत्रीकरण मोठ्या प्रमाणावर झाले. तुकड्यातुकड्यांची शेते जोडून ट्रॅक्टरला सोयीचे मोठे पट्टे करण्यात आले. धान्य वाढले, पण मधली कुंपणे गेली आणि कुंपणांलगतच्या वाटाही गेल्या. १९५० नंतर देशातली सुमारे ७० टक्के झुडपी कुंपणे नाहीशी झाली, असा सरकारी अंदाज आहे.

ज्या वाटा उरल्या, त्यांचेही संकट वेगळ्या प्रकारचे आहे. आपल्याकडे जिला पाणंद म्हणतात, तशा गावच्या वाटेला फ्रेंच कायद्यात ‘ग्रामीण वाट’ म्हणतात. ती ग्रामपालिकेच्या मालकीची असते आणि सर्वांना तिच्यावरून जाता येते. पण कायद्यात एक फट आहे. शेजारच्या शेतकऱ्याने वाट नांगरून शेतात घेतली आणि ३० वर्षे कोणी हरकत घेतली नाही, तर तो तिच्यावर मालकी सांगू शकतो. दरवर्षी नांगराचे एकच तास पुढे सरकते. पाच मीटरची वाट तीन मीटरची होते, मग पाऊलभर उरते आणि एका पावसाळी हिवाळ्यानंतर नुसता गव्हाचा पेरा दिसतो. वाट गेली हे गावाला कळते तेव्हा नकाशावर तिची फक्त रेघ राहिलेली असते.

मात्र याच कायद्याची दुसरी बाजू पायी चालणाऱ्यांना बळ देणारी आहे. लोक वापरत असलेली ग्रामीण वाट ग्रामपालिकेला विकता येत नाही. वापर थांबला असेल आणि जाहीर चौकशी झाली असेल, तरच विक्री होऊ शकते. म्हणजे रविवारी सकाळी मुलाबाळांना घेऊन वाटेवरून चालून येणे हादेखील ती वाट जिवंत असल्याचा पुरावा ठरतो. १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला पायवाटांचा आराखडा करण्याची जबाबदारी दिली. त्या आराखड्यात आलेली वाट बंद करायची असेल, तर तिच्या बदल्यात चालण्यायोग्य दुसरी वाट द्यावी लागते. फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने आणखी एक सोय केली. ग्रामपालिकेने आपल्या वाटांची मोजदाद करण्याचा ठराव केला, तर त्या काळापुरती ३० वर्षांची मुदत थांबते. उत्तरेकडच्या अनेक गावांत स्वयंसेवक जुने नकाशे घेऊन हरवलेल्या वाटा शोधत फिरतात, त्यामागे हे कारण आहे.

शेतकऱ्यांची बाजूही ऐकण्यासारखी असते. उघडी राहिलेली फाटके, गुरांमागे धावणारी कुत्री आणि पिकातून काढलेल्या आडवाटा यांचा त्रास त्यांनाच होतो. म्हणून फाटक जसे असेल तसेच ठेवून पुढे जाणे हा इथला पहिला धडा मानला जातो.

नव शापेलचे वळण

लील शहराच्या नैर्ऋत्येला, सपाट शेतांच्या मधोमध नव शापेल हे छोटे गाव आहे. त्याच्या जवळच्या चौफुलीवर सांचीच्या कठड्याची आठवण करून देणारे एक वर्तुळाकार दगडी बांधकाम दिसते. सुमारे १५ मीटर उंचीचा स्तंभ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी वाघ. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर प्राण दिलेल्या आणि ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीय जवानांचे हे स्मारक. हर्बर्ट बेकर यांनी त्याचा आराखडा केला आणि १९२७ साली त्याचे अनावरण झाले.

२८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावासाठी झालेल्या हल्ल्यात ४७ वी शीख पलटण आणि खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या व २१ व्या कंपन्या पुढे होत्या. खंदक खणणे आणि पूल बांधणे हे ज्यांचे काम, ते सॅपर्स त्या दिवशी पायदळासारखे लढले आणि त्यांची फार मोठी हानी झाली. १० मार्च १९१५ रोजी इथेच धारातीर्थी पडलेल्या गढवाल रायफल्सच्या गबर सिंग नेगी यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भिंतीवरच्या नावांत त्यांचे नाव आहे. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या स्मारकाला भेट दिली.

आसपासच्या शेतवाटांवर आज बटाटे आणि बीट यांचे पीक डुलते. या मातीत इतकी माणसे हरवली, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

जायचे असेल तर

मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. हिवाळ्यात चिखल फार, आणि शरद ऋतूपासून शिकारीचा हंगाम सुरू होत असल्याने रानात भडक रंगाचे कपडे घालावेत. पॅरिसहून लीलला वेगवान रेल्वेने सुमारे एक तास लागतो. कासेलचे स्थानक टेकडीच्या पायथ्याशी बाव्हॅंशोव्ह गावात आहे. तिथून वर चालतच जाता येते. सरकारी नकाशे एक सेंटिमीटरला २५० मीटर या प्रमाणाचे मिळतात. खेड्यांतली दुकाने रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळदा सोमवारीही बंद असतात, म्हणून पाणी आणि खाऊ बरोबर ठेवावा. पावसाळी कोट मात्र कोणत्याही महिन्यात विसरू नये.

आणि समोरून कोणी आले की ‘बाँजूर’ म्हणावे. अनोळखी माणसांनी एकमेकांना नमस्कार करण्याची पद्धत शहरांत मागे पडली असली, तरी या वाटांवर ती टिकून आहे. कदाचित समोरून येणाऱ्या गृहस्थांच्या पिशवीत पांढऱ्या आणि तांबड्या रंगाचे डबे असतील.