अवजार करवून घेण्यापूर्वी

गिरणाकाठच्या भडगाव परिसरातील काळ्या जमिनीत कपाशीची कोळपणी वाफशावरच साधते. ऐन वेळी कोळप्याची पास निखळली, तर वाफसा निघून जातो व तण माजते. म्हणून अवजार करवून घेण्यापूर्वी कारखान्याची पारख करावी. त्याने पूर्वी केलेली अवजारे शेतात चालताना पाहावीत. वेल्डिंगचा सांधा सलग असावा. केवळ ठिपके दिलेला सांधा धक्क्याने सुटतो. पास पोलादाची असावी. मऊ लोखंडाची धार लवकर बोथट होते. ओळींतील अंतर मोजून कोळप्याची रुंदी त्याहून कमी ठेवावी. माप, किंमत व मुदत लेखी ठरवावी. प्रथम एकच नग स्वतःच्या शेतात चालवून पाहावा. हंगामात दुरुस्ती तत्काळ करून देणारा जवळचा कारखाना निवडणे हिताचे होय.