काडीशिवाय पेटणारी आग

जानेवारीत बुऱ्हाणपुरातून केळीचा ट्रक उत्तरेकडे निघतो, तेव्हा त्यात थंडीला भिणाऱ्या दोन गोष्टी असतात. एक म्हणजे मागे भरलेली केळी. १३ अंशांच्या खाली फार वेळ राहिली की त्यांची साल काळवंडते. दुसरी म्हणजे बॉनेटखालचे जुने डिझेल इंजिन. मे महिन्यात अर्ध्या सेल्फवर (स्टार्टरवर) उठणारी गाडी तापीकाठी पारा १० अंशांच्या आसपास आला की नुसतीच घरघरते, पांढरा धूर ओकते आणि सुरू झाल्यावरही बराच वेळ थरथरत राहते. ड्रायव्हर म्हणतो, "गाडी मिसिंग करतेय." ही थरथर वाचता आली तर बहुतेक वेळा इंजिन न उघडताच दोषाचा माग लागतो. त्यासाठी आधी आत काय घडते ते पाहू.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की ती स्वतःच इतकी तापते की तिच्यात फवारलेले इंधन पेट घेते. या तत्त्वावरचे इंजिन रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे यशस्वी करून दाखवले. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, त्यामागे हेच तत्त्व आहे. टाटांनी १९५४ मध्ये जमशेदपुरात डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला सुरुवात केली. त्याच परंपरेतले सहा सिलिंडरांचे ६९७ इंजिन पुढे देशभर पोहोचले. अशा इंजिनात हवा मूळ जागेच्या सुमारे सतराव्या हिश्श्यात कोंबली जाते.

आता गणित पाहा. दाबताना हवेची उष्णता जराही निसटत नाही असे धरले, तर ४२ अंशांची उन्हाळी हवा सुमारे ७०० अंशांपर्यंत तापते आणि १० अंशांची पहाटेची हवा सुमारे ६०० पर्यंत. बाहेर फरक ३२ अंशांचा, आत तो शंभराच्या घरात जातो! प्रत्यक्षात सिलिंडरच्या गार भिंती यातली बरीच उष्णता शोषून घेतात. त्यात थंडीने ऑइल दाट होते, बॅटरी मंदावते आणि इंजिन हळू फिरते. जितके हळू फिरेल तितका वेळ उष्णतेला भिंतींत जिरायला आणि हवेला पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून निसटायला मिळतो. डिझेलला मात्र पेटायला सेकंदाचे काही हजारांश भागच मिळतात. झीज, गळती, कमजोरी हे सारे दोष गाडीत उन्हाळ्यातही असतात. उष्णतेची उधळपट्टी परवडते तोवर ते दिसत नाहीत, थंडी ती परवडू देत नाही.

म्हणून पहिला पुरावा धुराचा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण पेटत नाही. मग शोध उष्णतेचा घ्यायचा: बॅटरी, तिच्या वायरींची टोके, सेल्फचा वेग, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते). धूरच नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, तेव्हा आधी एअर फिल्टर पाहावा.

धूर नसताना मिस्त्री फीड पंपावरचा हातपंप मारतो. त्यानंतर गाडी लगेच उठली, तर रात्रभरात लाइनने एअर घेतली असे समजावे. तडकलेला रबरी पाइप किंवा दबलेला तांब्याचा वॉशर एवढेसे कारणही त्याला पुरते. इथे निसर्गाची गंमत दिसते. दाबली जाण्याचा हवेचा जो गुण सिलिंडरमध्ये आग पेटवतो, तोच डिझेलच्या नळीत आग अडवतो. पंपाचा दाब मधला बुडबुडा आक्रसण्यातच खर्च होतो आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल उघडतच नाही.

आता थरथरीकडे वळू. स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर सहा सिलिंडरांत मिळून सेकंदाला ३० स्फोट होतात. तासाला एक लिटर डिझेल लागते असे धरले, तर एका फवाऱ्याच्या वाट्याला साधारण नऊ घन मिलिमीटर येतात, म्हणजे पाण्याच्या थेंबाच्या पाचव्या हिश्श्याइतके. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सुचलेल्या यंत्रात, लोखंडाच्या बोजड धुडात, इतके बारीक माप तासाला लाखाहून अधिक वेळा मोजले जाते! भार ओढताना फवारा कित्येक पट मोठा असतो, त्यामुळे मापातली छोटी चूक झाकून जाते. स्लोला तीच चूक सगळी गाडी हलवते.

चुकणारा सिलिंडर ओळखायची जुनी रीत साधी आहे. इंजिन चालू ठेवून नोझलकडे जाणाऱ्या पाइपाचा नट एकेक करून किंचित ढिला करायचा. चांगला सिलिंडर बंद पडला की आवाज लगेच बदलतो. जिथे काहीच बदलत नाही, तो आधीच मेलेला. पण हे काम सरावलेल्या मिस्त्रीचेच आहे, कारण नोझल साधारण २०० बारच्या दाबाला उघडते आणि त्या दाबाची धार कातडीतून आत शिरू शकते. मग त्या सिलिंडरची नोझल काढून टेस्टरवर पाहावी. धुक्यासारखा फवारा न येता थेंब टपकत असेल, तर दोष सापडला. नोझल ठीक असेल तर टॅपेटचा गॅप तपासावा, त्यानंतर कॉम्प्रेशन.

गाडी गरम झाल्यावर थरथर पूर्ण थांबते की राहते, हेही नोंदवावे. थांबत असेल, तर संशय कॉम्प्रेशनवर किंवा झिजत चाललेल्या नोझलवर. राहत असेल, तर एखादा सिलिंडर कायमचाच कमी काम करतो आहे.

एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरणे किंवा इथर फवारणे या युक्त्यांनी गाडी उठते खरी, पण आगीचा धोका असतो आणि इथरच्या दणक्याने रिंगा तुटू शकतात. मालकांनो, धूर, सेल्फचा वेग आणि डिझेलची लाइन या तिन्हींची तपासणी स्वस्त आहे. ती झाल्याशिवाय डिझेल पंप उतरवायला कधीही परवानगी देऊ नका.