निवडणूक निरीक्षक : अधिकार, कार्यपद्धती आणि मर्यादा (रत्नागिरी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

भारतीय संविधानाच्या कलम ३२४ अन्वये निवडणुकांचे अधीक्षण, निदेशन व नियंत्रण निवडणूक आयोगाकडे सोपविण्यात आले आहे. आयोग पूर्वीपासून निरीक्षक नेमीत असला, तरी या पदास वैधानिक आधार लाभला तो १९९६ च्या दुरुस्तीने. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम २०-ख नुसार, बऱ्याच केंद्रांवर मतदान केंद्रे बळकावली गेल्याचे आढळल्यास निरीक्षक मतमोजणी थांबविण्याचा अथवा निकाल घोषित न करण्याचा निदेश देऊ शकतो. मात्र फेरमतदानाचा निर्णय त्याचा नव्हे. तो अहवाल देतो, निर्णय आयोग घेतो.

सर्वसाधारण, खर्च व पोलीस असे निरीक्षकांचे प्रकार होत. (पोलीस ठाण्यातील 'पोलीस निरीक्षका'शी यांपैकी तिसऱ्याची गल्लत होऊ नये.) सर्वसाधारण निरीक्षक हा सामान्यतः परराज्यातील वरिष्ठ सनदी अधिकारी असतो. स्थानिक हितसंबंधांपासूनचे हे अंतर हेच त्याचे बळ. तथापि स्थानिक परिस्थितीचे अपरिचितपण हीच त्याची मर्यादाही होय.

रत्नागिरीत ही मर्यादा विशेष जाणवते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर जिल्ह्यातील चिपळूण, रत्नागिरी व राजापूर हे विधानसभा मतदारसंघ रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात, तर दापोली व गुहागर रायगडमध्ये गेले. शिवाय येथील मतदारयादीत मुंबईस्थित चाकरमान्यांची नावे राहून जातात. नाव गावात आणि माणूस परळ-लालबागेत, अशा स्थितीत तोतया मतदानास वाव राहतो. त्यावरील उपाय म्हणजे अनुपस्थित, स्थलांतरित व मृत मतदारांची स्वतंत्र यादी. यादीतील व्यक्ती मतदानास आल्यास केंद्राध्यक्षाने तिची ओळख विशेष काळजीपूर्वक पडताळावयाची असते. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी निरीक्षकाच्या उपस्थितीत होणाऱ्या कागदपत्रांच्या छाननीत नमुना १७-क मधील मतदार नोंदवही व केंद्राध्यक्षाची दैनंदिनी तपासली जाते. ७ मे २०२४ रोजी जिल्ह्यात झालेल्या लोकसभा मतदानासही हीच पद्धती लागू होती.

एकटा निरीक्षक शेकडो केंद्रांवर उपस्थित राहू शकत नाही. निवडक केंद्रांवर सूक्ष्म निरीक्षक असतात; अन्यत्र त्याची भिस्त लेखी नोंदींवरच असते. या नोंदी करणारे केंद्राध्यक्ष पुष्कळदा आपल्यापैकीच, म्हणजे प्राध्यापक व शिक्षक असतात. रात्री यंत्रे जमा करण्याच्या घाईत दैनंदिनी एकदमच भरून टाकण्याची प्रवृत्ती दिसते, ती प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वाधिक घातक आहे. दैनंदिनीतील नोंदी त्या त्या वेळीच करावयाच्या असतात. नमुना १७-ग ची प्रत मतदान प्रतिनिधींना केंद्रावरच द्यावयाची असते, कारण मतमोजणीच्या दिवशी यंत्रातील आकडा त्याच प्रतीशी ताडून पाहिला जातो.