पडदा काळा पडला. बिघाड नेमका कुठे?

शाळेतला लॅपटॉप सुरू करावा, आतला पंखा फिरल्याचा आवाज यावा, कडेचा बारीक दिवाही लागावा, पण पडदा मात्र काळाच राहावा. किंवा चालता चालता त्यावर एकाएकी रंगीत रेघा उमटाव्यात, असा अनुभव पुष्कळ शिक्षकांनी घेतलेला असतो. अशा वेळी ‘लॅपटॉप गेला’ असा निष्कर्ष चटकन काढला जातो. आत विद्यार्थ्यांच्या गुणांच्या नोंदी असतील तर त्याही गेल्या असे वाटते. मग यंत्र दुकानात जाते आणि कधी कधी एका सैल जोडणीपायी नव्या पडद्याचा खर्च शाळेच्या माथी बसतो.

वस्तुतः पडद्यावर चित्र न दिसणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. एकाच लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात. त्यांतले खरे कारण शोधण्याची शिस्तशीर रीत आहे आणि तिला फारशी साधने लागत नाहीत. ती समजण्यासाठी आधी पडद्यावर चित्र कसे उमटते ते पाहू.

चित्राचा प्रवास

लॅपटॉपच्या बहुतेक पडद्यांत द्रव स्फटिक वापरलेले असतात. १८८८ मध्ये फ्रीडरिश रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून मिळणाऱ्या एका संयुगाचे जणू दोन वितळणबिंदू असल्याचे आढळले. सुमारे १४५ अंश सेल्सिअसला ते वितळून गढूळ द्रव होई आणि सुमारे १७८ अंशांना तो द्रव एकदम नितळ होई. मधली गढूळ अवस्था म्हणजेच द्रव स्फटिक. त्यातले रेणू द्रवाप्रमाणे वाहू शकतात, पण स्फटिकाप्रमाणे साधारण एका दिशेने तोंड करूनही राहतात. विद्युतदाब दिला की ही दिशा बदलते आणि त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवणावरही परिणाम होतो.

पडद्यात असा द्रव स्फटिकांचा पातळ थर दोन पोलरॉइडांच्या मध्ये ठेवलेला असतो. एक पोलरॉइड दुसऱ्याशी काटकोनात असते. मधल्या थराने ध्रुवणाची दिशा वळवली तर प्रकाश बाहेर येतो, नाही वळवली तर अडतो. म्हणजे द्रव स्फटिक ही प्रकाशाची झडप आहे. ती स्वतः उजेड देत नाही. उजेड येतो तो मागे बसवलेल्या एलईडी दिव्यांकडून. १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवी व निळी अशा तीन झडपा धरल्या, तर एकूण ३१ लाखांहून अधिक झडपा होतात.

या झडपांना आज्ञा कोठून मिळते? संगणकातल्या प्रोग्रामने तयार केलेले चित्र स्मृतीत साठते, ग्राफिक्स चिप ते वाचून संदेश पाठवते, हा संदेश बिजागरीजवळून जाणाऱ्या बारीक केबलमधून झाकणात शिरतो आणि पडद्याच्या काठावरची मंडले तो एकेका झडपेपर्यंत पोहोचवतात. मागच्या दिव्यांची वीज बहुधा त्याच केबलमधून येते. ही एक साखळी आहे. कोठलीही कडी निसटली तरी आपल्याला दिसते ते एवढेच, की पडदा बिघडला.

साखळी मधोमध तोडावी

एक ते शंभरमधला मनात धरलेला अंक ओळखायचा खेळ मुलांना ठाऊक असतो. ‘एक आहे का? दोन आहे का?’ असे विचारत गेल्यास शंभरीही भरेल. पण ‘पन्नासपेक्षा मोठा आहे का?’ असे विचारत दर वेळी निम्मे अंक वगळले, तर जास्तीत जास्त सात प्रश्नांत उत्तर मिळते. बिघाड शोधतानाही असेच करावे. अर्ध्या शक्यता निकालात निघतील अशी चाचणी आधी घ्यावी.

लॅपटॉपच्या बाबतीत अशी चाचणी म्हणजे बाहेरचा पडदा. शाळेतला प्रोजेक्टर किंवा टीव्ही केबलने लॅपटॉपला जोडावा. त्यावर चित्र स्वच्छ दिसले, तर प्रोग्राम, स्मृती आणि ग्राफिक्स चिप यांवरचा संशय बहुतांशी दूर होतो. दोष केबलमध्ये किंवा झाकणात असणार. तेथेही त्याच रेघा दिसल्या, तर नवा पडदा विकत घेऊन काहीच साधणार नाही. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबल्यास चित्र कोठे दाखवायचे ते निवडता येते. तेथे ‘फक्त दुसरा पडदा’ हा पर्याय निवडलेला असेल, तर प्रोजेक्टर जोडलेला असताना लॅपटॉपचा स्वतःचा पडदा बिघाड नसतानाही काळा राहतो.

पडद्यावर रेघा असतील तर आणखी एक चाचणी आहे. स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या संगणकावर पाहावा. स्क्रीनशॉट स्मृतीतल्या चित्राचा घेतला जातो, काचेवरच्या चित्राचा नव्हे. त्यात रेघा असतील तर दोष स्मृतीपर्यंतच्या कड्यांत आहे. नसतील तर तो पुढच्या कड्यांत आहे. शिवाय यंत्र सुरू होताना, विंडोज येण्यापूर्वी, निर्मात्याचे बोधचिन्ह दिसते. रेघा तेव्हाच दिसू लागल्या तर त्यांचा दोष विंडोजला देता येत नाही. रेघा विंडोज आल्यानंतरच दिसत असतील, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबून ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू करून पाहावा.

झाकणातला दोष

दोष झाकणाच्या बाजूला आहे असे ठरले, की पुढची विभागणी करावी. पडदा पूर्ण काळा असेल तर खोलीत अंधार करून त्यावर टॉर्चचा उजेड तिरपा टाकावा. अंधुक चित्र दिसले तर झडपा काम करीत आहेत, फक्त मागचा दिवा बंद आहे. टॉर्चचा उजेड झडपांतून आत जाऊन मागच्या पांढऱ्या थरावरून परत येतो, म्हणून चित्र दिसते. काही नव्या लॅपटॉपमध्ये ओएलईडी पडदे असतात. त्यांत पिक्सेलच उजेड देतो, म्हणून ही चाचणी तेथे चालत नाही.

दिवा बंद असण्याचे कारण कधी अगदी साधे असते. पडद्याची प्रखरता कमी केलेली असते. किंवा झाकणातले चुंबक ओळखणारा संवेदक फसलेला असतो. पुष्कळ लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्याचे ज्ञान या संवेदकाला होते. त्यामागे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम असतो. प्रयोगशाळेतले चुंबक शेजारी राहिले, तर झाकण मिटले असे समजून संगणक पडदा बंद करतो.

झाकण हळूहळू मागेपुढे करताना चित्र जात-येत असेल, तर बिजागरीजवळची केबल किंवा तिची जोडणी संशयास्पद ठरते. एकाच जागी कायम राहणारी बारीक उभी रेघ बहुधा काचेच्या काठावरच्या जोडणीतला दोष दाखवते. शाई सांडल्यासारखा डाग म्हणजे आतली काच तडकली आहे. या शेवटच्या दोन स्थितींत पडदा बदलणे हाच सहसा उपाय असतो. केबलच्या दोषात मात्र तो नाही.

झाकण उघडण्याचे काम जाणत्या माणसावर सोपवावे. बॅटरी जोडलेली असताना केबल काढल्यास नवा बिघाड होऊ शकतो. जुन्या लॅपटॉपमध्ये मागचा उजेड नळीच्या दिव्याचा असतो आणि त्याला काहीशे व्होल्ट लागतात. आपण मात्र कोणती चाचणी घेतली आणि काय दिसले, हे कागदावर लिहून द्यावे. ‘पडदा गेला’ असे सांगण्याऐवजी ‘प्रोजेक्टरवर चित्र ठीक आहे, झाकण हलवले की जाते’ असे सांगितले, तर दुरुस्ती करणाऱ्यालाही नेमकी दिशा मिळते आणि खर्चाचा अंदाज पारखता येतो.

वर्गातही हा विषय घेता येईल. साखळी फळ्यावर काढावी, एक लक्षण सांगावे आणि पुढची चाचणी कोणती घ्यावी हे मुलांना ठरवू द्यावे. दोनच नियम पाळायचे: एका वेळी एकच बदल करायचा आणि चाचणीचा निकाल काय लागेल याचा अंदाज आधी लिहून ठेवायचा. आणि खरोखरच शाळेचा लॅपटॉप दुरुस्तीला जाणार असेल, तर प्रोजेक्टरवर चित्र दिसते आहे तोवर गुणांच्या नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. पडदा काळा पडला तरी त्या बहुधा जागेवर सुरक्षित असतात.