वीतभर पाण्यातले पाहुणे

थंडीतला वीकेण्ड रजईत घालवायचा की दुर्बीण घेऊन निघायचं? नाशिक रोडपासून तास-सव्वा तासाच्या ड्राइव्हवर भरलंय एक इंटरनॅशनल गेट-टुगेदर. एण्ट्री सगळ्यांना!

शनिवार, पहाटेचे साडेपाच. बिटको चौकातल्या चहाच्या टपरीवर नुकताच स्टोव्ह पेटलाय. मुंबईची गाडी पकडायला निघालेली मंडळी मफलर गुंडाळून स्टेशनकडे पळताहेत. आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेला चार-पाच जणांचा एक ग्रुप नेमका उलट्या दिशेला, जेलरोडकडे निघालाय. ना मॉल, ना मल्टिप्लेक्स, ना वायनरीची टूर. ही मंडळी चाललीत चिखल बघायला!

हो, चिखलच. पण साधासुधा नव्हे. सायबेरिया, मध्य आशिया, तिबेट, लडाखकडचे पाहुणे ज्याच्यासाठी हजारो किलोमीटर उडून येतात, तो निफाड तालुक्यातला नांदूर मध्यमेश्वरचा चिखल. (जेलरोडच्या टोकाचा नांदूर नाका वेगळा. तिथं फक्त ट्रॅफिक बघायला मिळेल.) दसकचा पूल ओलांडायचा, संभाजीनगर रोडला लागायचं, चांदोरीहून सायखेड्याकडे वळायचं आणि पुढं चापडगाव गाठायचं. दसकला एकदा आणि सायखेड्याला एकदा, अशी गोदावरी तुम्हाला दोनदा आडवी येते. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा त्या पुलावर यायचंय.

डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी म्हणजे चेष्टा नाही. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं नाव हमखास असतं. द्राक्षबागांना कडाक्याची थंडी बाधू नये म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्या धुरातून आणि धुक्यातून गाडी हळूहळू पुढं सरकते. चापडगावच्या मनोऱ्यावर चढलात की पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही. फक्त ऐकू येतं. कुठूनतरी 'आँग, आँग' असा भोंग्यासारखा आवाज, कुठं शिट्टी, कुठं पंखांची फडफड. मग धुकं वर उचललं जातं आणि ज्याला तुम्ही गवताचा पट्टा समजत होतात, तो पट्टा पोहायला लागतो!

धरण फसलं, पाखरांचं जमलं

ही जागा कुणी पक्ष्यांसाठी बनवलेली नाही. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला तो शेतीसाठी. इथून निघणारे गोदावरीचे कालवे पार कोपरगाव, राहात्यापर्यंत पाणी नेतात. पण वाहतं पाणी अडलं की त्याचा वेग मरतो, आणि वेग मेला की नदी बरोबर आणलेला गाळ तिथंच टाकते. वर्षानुवर्षं हेच झालं. पाण्याची जागा गाळानं घेतली, बेटं तयार झाली, त्यावर लव्हाळी आणि पाणगवतं माजली. इंजिनीअरच्या हिशेबात हा चक्क तोटा. पक्ष्यांच्या हिशेबात लॉटरी!

कारण गंमत खोलीत आहे. तलवार बदक, थापट्या, चक्रांग ही बदकं बुडी मारून खाणारी नव्हेत. ती डोकं पाण्यात घालून शेपटी आकाशाकडे करतात आणि मान पोचेल तिथपर्यंतचंच खातात. मान वीतभर, तर पाणीही वीतभर हवं. शेकाट्याचे लालसर-गुलाबी पाय काडीसारखे लांब, पण पाय संपले की त्याचं हॉटेलही बंद. तुतारीसारख्या छोट्या पक्ष्यांना तर पाणी नकोच, नुसता ओला चिखल हवा. खोल धरणावर यातल्या बहुतेकांना उपाशी राहावं लागेल. इथं मात्र बोटभर, वीतभर, गुडघाभर अशी प्रत्येक मापाची थाळी लागलेली असते.

म्हणूनच पक्षीवेड्यांनी या जागेला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणायला सुरुवात केली. १९८६मध्ये अभयारण्य झालं. जानेवारी २०२०मध्ये नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. लोणार आणि ठाण्याची खाडी या यादीत नंतर आल्या. 'आमच्या नाशिककडं काय आहे?' असं पुण्या-मुंबईच्या मित्रांनी विचारलं, तर आता उत्तर तयार ठेवा.

वारकरी, थापट्या आणि हळदीकुंकू

बर्डिंग म्हणजे जाडजूड इंग्लिश नावं पाठ करणं, असं वाटून अनेक जण लांब राहतात. एकदा मराठी नावं ऐका. काळाकुळकुळीत अंगाचा, कपाळावर पांढरं गंध लावल्यासारखा आणि दिंडीसारखा घोळक्यानं फिरणारा पक्षी म्हणजे वारकरी. फावड्यासारखी रुंद चोच पाण्यावर थापत जाणारा तो थापट्या. त्याच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात. पाणी गाळून जातं, बारीक किडे आणि बिया आत राहतात. शेपटीची लांब तलवार मिरवणारं तलवार बदक. चोचीवर पिवळा आणि लाल ठिपका असलेलं हळदीकुंकू बदक. हे मात्र पाहुणं नाही, इथलंच. आणि मघाशी भोंगा वाजवत होता तो केशरी रंगाचा चक्रवाक. संस्कृत काव्यात रात्री विरहानं व्याकूळ होणारी जोडी ती हीच. तिचा उन्हाळा लडाख-तिबेटात जातो.

मोठ्यांवरून नजर हटवून जरा काठावर बघा. सतत शेपटी खालीवर आपटत धावणारा पिवळा धोबी दिसेल. याचं वजन साधारण वीस ग्रॅम, म्हणजे तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या दहाव्या हिश्शाएवढं. एवढासा जीव हिमालयापलीकडून दरवर्षी इथं येतो आणि उन्हं तापायला लागली की परत जातो. आपण मात्र कॉलेज रोडला जायचं तरी ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडतो!

वर आकाशात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यालगत घिरट्या घालायला लागला की सगळं संमेलन एकदम उठतं. हजारो पंखांचा आवाज होतो. भोवत्या निघून जातो, मंडळी पुन्हा आपापल्या थाळीवर. हा सीन एकदा पाहिलात की पुढच्या शनिवारी अलार्म लावावा लागत नाही.

आपलंच पाणी

आता थोडं सिरीयस. नाशिककर गोदावरीला प्रेमानं 'गंगा' म्हणतात. ती रामकुंडावरून, तपोवनातून, दसक-पंचकवरून आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्राजवळून खाली सायखेड्याला जाते. वालदेवी आणि दारणा, आपल्या नाशिक रोड-देवळालीच्या नद्या, तिलाच मिळतात. हे सगळं पाणी शेवटी नांदूर मध्यमेश्वरला पोचतं. म्हणजे तुमच्या वॉशिंग मशीनमधून सकाळी निघालेलं पाणीही त्याच वाटेला लागतं. पंचक आणि चेहेडीला महापालिकेचे मलजल शुद्धीकरण प्रकल्प आहेत. तिथं जे शुद्ध होतं ते होतं. जे निसटतं, ते नदीबरोबर चालू पडतं.

अशा पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर. त्यावर पोसते ती पाणवेल. हवामान मानवलं तर दोनेक आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. पाण्यावर गालिचा पसरला की खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, पाणवनस्पती आणि मासे अडचणीत येतात. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांना त्या पानांवर चालता येतं, त्यांचं फारसं बिघडत नाही. पण बदकांना उघडं पाणी लागतं. धावपट्टीच झाकली, तर विमान उतरणार कुठं? रामसरच्या नोंदीतही या जागेच्या धोक्यांमध्ये पाणवेल, शहरी विकास आणि पाण्याचा उपसा यांची नावं आहेत. त्याच नोंदीत, नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या जिवांमध्ये एका छोट्याशा माशाचं नाव आहे : देवळाली मिनो. आपल्या देवळालीचं नाव लावणारा मासा आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होतं?

पाण्याचा दुसरा पेच आणखी अवघड आहे. बंधारा पाटबंधाऱ्याचा, त्यामुळं पातळी ठरते ती कालव्याच्या आवर्तनांवर. पाऊस कमी झाला की जायकवाडीसाठी नाशिककडच्या धरणांतूनही पाणी सोडावं लागतं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा केवढा वाद झाला ते आठवत असेल. निफाडच्या द्राक्षाला पाणी हवं, कोपरगावच्या उसाला हवं, मराठवाड्याच्या हंड्याला तर हवंच हवं. या भांडणात शेकाट्याची बाजू मांडायला कोण जाणार? पातळी हातभर चढली तर चिखल बुडतो, फार उतरली तर तो वाळून भेगाळतो. पक्ष्याला दोन्हीकडून उपासच.

इथं तुमची ती छंदाची वही कामाला येते. किती पक्षी, कुठले, कुठल्या तारखेला, ही नोंद हाच पक्ष्यांच्या बाजूचा पुरावा. रामसरचा दर्जाही अशाच नोंदींच्या जोरावर मिळतो. १९८७पासून दर जानेवारीत आपल्याकडे पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते. तिच्यात वनखात्याच्या माणसांबरोबर हौशी मंडळीही दुर्बीण घेऊन उभी राहतात. 'मला कुठं काय कळतं?' म्हणू नका. हळदीकुंकू ओळखता आलं, की तुमचं खातं उघडलं!

दुपारी परत येताना सायखेड्याच्या पुलाजवळ गाडी बाजूला घ्या. पाणवेलीला जांभळी फुलं आली असतील तर फोटो भन्नाट येतो. खुशाल काढा. फक्त महिन्याभरानं त्याच जागी उभं राहून पुन्हा एक काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. उघडं पाणी किती उरलंय, ते मोजायला दुर्बीण लागत नाही.

प्लॅन करताय?

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सूर्योदयाच्या आत पोचा. दहानंतर पक्षी सुस्तावतात आणि तुम्हीही. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. ५ला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, १२ला सलीम अलींचा.

कसे : स्वतःची गाडी सोयीची. रेल्वेनं जायचं तर मनमाडच्या वाटेवरचं निफाड स्टेशन, पुढं रिक्षा किंवा जीप.

काय न्याल : ८×४० किंवा १०×५०ची दुर्बीण, वही-पेन, स्वेटर, कानटोपी, पाण्याची बाटली. कपडे मातकट रंगाचे. लाल जॅकेट कॉफी शॉपसाठी ठेवा.

गाइड : चापडगाव परिसरातले तरुण गाइड म्हणून काम करतात. जरूर घ्या. तुम्हाला ठिपका दिसतो, तिथं त्यांना नाव-गाव दिसतं. शिवाय त्यांची रोजीरोटी पक्ष्यांवर चालली, तर पक्ष्यांना राखायला गावच पुढं येईल.

हे नको : मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं, फोटोसाठी थवा उडवणं, वेफर्सची पाकिटं टाकणं. घाबरून उडालेल्या पक्ष्याची ताकद वाया जाते. परतीचा प्रवास त्याला त्याच ताकदीवर करायचाय.