सिंगापूर–न्यू यॉर्क विमानमार्ग

सिंगापूर–न्यू यॉर्क हा सिंगापूर आणि अमेरिकेतील न्यू यॉर्क महानगर यांना जोडणारा विनाथांबा विमानमार्ग आहे. नियमित प्रवासी सेवा असलेल्या जगातील सर्वांत लांब विमानमार्गांत त्याची गणना होते. सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यू यॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील किमान अंतर सुमारे १५,३५० किमी असून प्रवासास साधारणतः साडेअठरा ते एकोणीस तास लागतात.

अंतर

पृथ्वीवरील दोन ठिकाणांमधील किमान अंतर बृहद्‌वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून मोजतात. चांगी विमानतळ १°२१′ उत्तर अक्षांश व १०३°५९′ पूर्व रेखांशावर, तर केनेडी विमानतळ ४०°३८′ उत्तर अक्षांश व ७३°४७′ पश्चिम रेखांशावर आहे. रेखांशांतील फरक जवळजवळ १७८° असल्यामुळे दोहोंमधील सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवालगत जातो. चांगीपासून ध्रुव सुमारे ८८.६° आणि ध्रुवापासून केनेडी विमानतळ सुमारे ४९.४° दूर आहे. एका अंशाचे अंतर सुमारे १११.२ किमी असल्याने या १३८ अंशांचे अंतर सुमारे १५,३५० किमी भरते. भिंतीवरील सपाट नकाशात ध्रुवाजवळील प्रदेश ताणले जात असल्याने हा मार्ग सहज लक्षात येत नाही.

उड्डाणाचा कालावधी

ताशी ९०० किमी वेगाने हे अंतर सुमारे १७ तासांत कापता येईल. प्रत्यक्षात उड्डाण व उतरणे यांसाठी लागणारा वेळ, हवामान आणि हवाई हद्दींवरील निर्बंध यांमुळे कालावधी वाढतो. मध्य अक्षांशांवर मोठ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतात. त्यांचा लाभ घेण्यासाठी सिंगापूरहून निघालेले विमान अनेकदा पॅसिफिक महासागरावरून, तर परतीचे विमान अटलांटिक महासागर व युरोपच्या दिशेने नेले जाते. असा मार्ग नकाशावर लांब असला, तरी अनुकूल वाऱ्यामुळे वेळ आणि इंधन वाचू शकते.

इतिहास

सिंगापूर एअरलाइन्सने २८ जून २००४ रोजी न्यू यॉर्कजवळील, न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क विमानतळापर्यंत विनाथांबा सेवा सुरू केली. त्यासाठी चार इंजिनांचे एअरबस ए३४०-५०० विमान वापरले जाई. इतक्या लांब प्रवासासाठी सुरुवातीलाच मोठा इंधनसाठा घ्यावा लागतो आणि तो वाहून नेण्यासाठीही इंधन खर्ची पडते. २००८ मध्ये या विमानांत केवळ बिझनेस श्रेणीची १०० आसने ठेवण्यात आली. तरीही इंधनाच्या चढ्या दरांमुळे सेवा परवडेनाशी होऊन नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद झाली.

दोन इंजिनांच्या, कमी इंधन लागणाऱ्या एअरबस ए३५०-९०० यूएलआर विमानामुळे ही सेवा ११ ऑक्टोबर २०१८ रोजी पुन्हा सुरू झाली. या विमानात १६१ आसने असून साधी इकॉनॉमी श्रेणी नाही. कोविड-१९ साथीमुळे २०२० मध्ये सेवा स्थगित झाली. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरपासून केनेडी विमानतळापर्यंत विनाथांबा उड्डाणे सुरू झाली.

वेळेतील फरक

सिंगापूरची वेळ न्यू यॉर्कच्या पुढे असते. हा फरक उन्हाळ्यात १२ आणि हिवाळ्यात १३ तासांचा असतो. त्यामुळे उन्हाळ्यात सिंगापूरहून मध्यरात्री निघून साडेअठरा तास प्रवास करणारा प्रवासी न्यू यॉर्कला त्याच तारखेस सकाळी साडेसहाला पोहोचतो. उलट, न्यू यॉर्कहून रात्री दहाला निघून १९ तासांनी सिंगापूरला उतरणाऱ्या प्रवाशासाठी तिसऱ्या दिवसाची पहाट उजाडलेली असते.